भेंडीच्या पानांच्या बिड्या

१

सर्वपित्री अवसेच्या सकाळी मुरगूडच्या बाळासो चौगल्यांच्या भेंडीत सहाशे बिड्या लटकलेल्या सापडल्या.

सहाशे हा आकडा म्हाताऱ्या केरबाचा. बाळासोची बायको धोंडुबाई हजार म्हणत होती, आणि बातमी वेदगंगेच्या पुलावर पोचेपर्यंत त्या दहा हजार झाल्या होत्या. खरं म्हणजे कुणी मोजल्याच नव्हत्या. मोजायला जवळ जावं लागतं, आणि अवसेच्या सकाळी जवळ जायची कुणाची छाती नव्हती. बांधावरून दिसलं तेवढं पुरेसं होतं. हाताच्या पंजासारखी पसरणारी पानं वळून सुरळ्या झालेली, आणि सुरळी सुटू नये म्हणून पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली. एका रात्रीत झालं असं सगळे शपथेवर सांगत होते. गेले तीन आठवडे त्या तुकड्याच्या आत घरातलं कुणी शिरलंच नव्हतं, ही गोष्ट मात्र कुणाच्या शपथेत आली नाही.

आता एवढ्या तेवढ्या भेंडीसाठी गाव गोळा व्हायचं कारण असं, की ही भेंडी भाजीची नव्हती, गुऱ्हाळाची होती. उसाचा रस काहिलीत उकळायला लागला की गुळव्या त्यात ठेचलेल्या भेंडीच्या झाडांचं चिकट पाणी सोडतो. रसातली घाण मळी होऊन वर येते, ती झाऱ्यानं काढायची, आणि खाली राहतो तो कोल्हापूरचा गूळ. भेंडी बिघडली तर रस बिघडला. आणि करणीची भेंडी काहिलीत गेली, तर असला गूळ कोण तोंडात घालणार?

शेवटी बाळासोचा पुतण्या कृष्णात पुढं झाला. त्यानं डोळे मिटून एक वाळकी सुरळी तोडली आणि डोळे उघडून सोडली. आतून काळपट बारीक दाणे हातावर सांडले, आणि एक तपकिरी टरफल.

"तंबाखू हाय," कृष्णात म्हणाला.

मुरगुडात तंबाखूबद्दल वाद झाला तर निकाल केरबाचा. पन्नास वर्षांत त्याच्या खालच्या ओठामागची जागा एक दिवस मोकळी राहिली नव्हती. त्यानं चिमूट घेतली, ओठाखाली धरली, आभाळाकडं बघितलं आणि थुंकला.

"बेचव. निपाणीची न्हवं. पर हाय तंबाखूच."

पान वळलेलं, दोरा बांधलेला, आत तंबाखू. सगळ्यांच्या माना एकाच घराकडं वळल्या. गावात बिड्या वळणाऱ्या बायका चार, पण भांडण झालेली एकच. रोशनबीची शेळी बांधावरच्या जास्वंदीला लागली म्हणून पाच दिवसांपूर्वीच धोंडुबाईनं शेळीच्या नावानं अख्ख्या पाणंदीला ऐकू जाईल असं सुनावलं होतं, आणि शेळी ओढायला रोशनबी ह्याच भेंडीत शिरलेली केरबानं बघितली होती.

रोशनबीचा नवरा दस्तगीर. बावीस वर्षं बाळासोच्या गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून तोच उभा. पाक नुसत्या वासावर ओळखणारा.

बाळासोनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाला, "दसऱ्याला गुऱ्हाळाचं चुलवाण पेटवायचं हाय. तवर ह्ये कुणी केलं त्याचं नाव मला कळाय पायजे. न्हाय कळलं, तर दस्तगीरनं काहिलीला हात लावायचा न्हाय."

दस्तगीर गर्दीत मागं उभा होता. खांद्यावरचा टॉवेल त्यानं काढला, घडी केली, परत खांद्यावर टाकला आणि घराकडं चालू लागला. घरातून करणी करणारा गुळव्या म्हणून एकदा नाव झालं, की पंचक्रोशीत दुसरं गुऱ्हाळ मिळत नाही. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

२

त्याच दुपारी कोल्हापुरात, राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत, आकाराम आपल्या जास्वंदीला पाणी घालत होता.

आकाराम हा धोंडुबाईचा मामा. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं शिपाई होता. शिक्षण चौथी नापास, पण त्या तीस वर्षांत अठरा प्रोफेसर आले आणि गेले, आणि जाताना प्रत्येकाला जे आठवत नव्हतं ते आकारामला आठवत होतं. बेडूक कुठल्या बरणीत, नाकतोडा कुठल्या खणात, कुठल्या पाखराची टाचणी गंजली. पोरं त्याला आकारामसर म्हणत. तो अंगभर नको नको म्हणत असे आणि तोंडभर हसत असे.

जास्वंद ही त्याची दुसरी प्रतिष्ठा. तांबडी, दुहेरी पाकळ्यांची, बशीएवढ्या फुलाची. एकदा म्हणे त्या फुलावर चिमणी उतरली ती वाट चुकून संध्याकाळीच बाहेर आली. घरी येईल त्याला आकाराम चहा देत असे आणि जाताना एक रोप देत असे. चहा नको म्हणता येत होता. रोप नको म्हणता येत नव्हतं. झाडाची पानं जरा गुंडाळलेली असत, पण आकाराम त्याला झाडाचा स्वभाव म्हणे.

एसटीच्या कंडक्टरनं गेटातूनच हाक मारली. "तात्या, मुरगूडचा निरोप हाय. धोंडुबाईनं सांगितलंय, भेंडीत बिड्या लागल्यात, रोशनबीवर आळ आलाय, दसऱ्याच्या आत या. मला काय कळलं न्हाय, जसं सांगितलं तसं सांगतोय."

"बिड्या लागल्यात म्हंजे? पानं वळल्यात का?"

"व्हय. दोरा बांधून."

आकारामनं झारी खाली ठेवली. "चार नंबरचं कपाट," तो स्वतःशीच म्हणाला. "दुसरा खण, उजवीकडनं सातवं."

कंडक्टर घाईघाईनं निघून गेला. कोल्हापुरात बरीच माणसं स्वतःशी बोलतात, पण कपाटाचा नंबर कुणी सांगत नाही.

३

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. आकाराम मुरगुडात उतरला तेव्हा त्याच्या पिशवीत एक धोतर, एक भिंग आणि कंदिलाच्या दोन काचा होत्या. भेंडीत शिरायच्या आधी तो माणसांकडं गेला. पाखरू पळून जात नाही, माणसाची आठवण पळते, असं तो म्हणे.

पहिला कृष्णात. तो गुऱ्हाळाच्या दारात चुलवाणाची राख उपसत होता.

"पावडर वापरायची तुझी इच्छा हाय म्हणं?" आकारामनं विचारलं.

"हाय की. चमचाभर टाकली की गूळ पांढराफेक. भेंडी लावा, भेंडी कापा, भेंडी ठेचा, कशाला ती पिरपीर?"

"मग भेंडी बिघडली तर तुझं बरंच झालं."

कृष्णातनं फावडं टेकवलं. "मामा, मला भेंडी नको ह्ये मी चावडीत उभा ऱ्हाऊन सांगतोय दोन वर्षं. चोरून पानं वळत बसाय मला येळ कुठं हाय? आनि मला बिडी वळाय येत न्हाय. पेटवाय येती."

"तू सोडलीस ती सुरळी कुठली हुती?"

"बांधाकडची. जास्वंदीच्या बुडातली. वाळलेली हुती म्हणून धीर झाला."

"दुसरी सोडून बघितलीस?"

"एकीलाच हात लावला त्यावरच काकूनं माझ्यावरनं लिंबू उतरून टाकलं. दुसरी कोण सोडतंय?"

आकारामनं मान डोलावली. सहाशे बिड्यांतली एक उघडली होती, आणि त्या एकीवर निकाल लागला होता.

रोशनबी दारात सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिचे हात थांबले नाहीत. पान कापलं, तंबाखू भरली, वळलं, टोक दुमडलं, लाल दोऱ्याचे दोन वेढे. आकारामनं "सलाम" म्हणताच तिनं मानेनंच पाट दाखवला.

"पावणं, तुमी धोंडुबाईचे मामा. मग तुमी काय म्हणणार ते मला ठावं हाय."

"मी अजून काय म्हणलं न्हाय. बांधावरनं एक सुरळी तोडून आणलीया. ही तुमची का, एवढंच सांगा."

रोशनबीनं ती हातात घेतली. आळ आल्यापासून ती पहिल्यांदाच रागावली.

"ही? ही माझी?" तिनं सुरळी उलटी केली. "एक तोंड रुंद, दुसरं बारीक, भोंग्यागत. टोक मिटलेलं न्हाय. वेढा एका जागी न्हाय, सगळीकडं नुसतं लिबलिबीत कोळ्याचं जाळं. माझी धाकटी पोरगी सात वर्सांची हुती तवा असली वळायची, तवा बी तिला मी उठीवलं हुतं. बारा वर्सं बिड्या वळतीया मी. करणी म्हणा, काय बी म्हणा, पर असली बिडी माझ्या नावावर घालू नका."

आतल्या खोलीतून दस्तगीरचा आवाज आला. "आणि आमचा दोरा लाल असतोय."

आकाराम उठला. रोशनबीच्या सुपातल्या बिड्या एकमेकींसारख्या होत्या, जणू एकाच आईची लेकरं. त्यानं जाता जाता सहज विचारल्यासारखं विचारलं, "श्रावणात तुमी इथंच हुता का?"

"न्हाय. नागपंचमीला मिरजेला गेलते, थोरलीच्या बाळंतपणाला. अनंत चतुर्दशी झाल्यावर आले. तुमच्या भाचीनंच डिंकाचं लाडू दिलते बांधून." ती थांबली. "तवा गोड हुतो आमी."

४

तिसऱ्या प्रहरी बाळासो, धोंडुबाई, कृष्णात, केरबा आणि उरलेलं गाव बांधावर उभं असताना आकाराम एकटा भेंडीत शिरला. धोतराचा कासोटा मारलेला, डोळ्याला भिंग. धोंडुबाईनं आधीच लिंबू हातात तयार ठेवलं होतं.

त्यानं एक हिरवी सुरळी तोडली आणि सगळ्यांसमोर दोन बोटांनी सोडली.

आत एक अळी होती. हिरवीगार, चकचकीत, इतकी पारदर्शक की खाल्लेलं पान पोटात दिसत होतं. काळं डोकं वर करून तिनं गावाकडं बघितलं आणि लोंबत्या पांढऱ्या दोऱ्यावरून सरकन् खाली उतरली.

"ही तुमची बिडीवाली," आकाराम म्हणाला. "दोरा हिच्या तोंडातनं येतोय. पान वळती, बांधती, आत बसून खाती."

बाळासो हसला नाही. "मामा, भेंडीची अळी मला दाखवू नका. ती शेंगेत शिरती. आनि अंगावर काटं असत्यात."

"ती शेंगेतली येगळी. तिसरा खण. ही गुळगुळीत हाय बगा, आनि शेंगेला हिनं तोंड लावलेलं न्हाय."

"आनि ती तंबाखू?" केरबानं मागून विचारलं.

आकारामनं हातावर काळे दाणे घेतले, केरबाकडं बघितलं, आणि त्या वयाच्या माणसाचा विचार करून म्हणाला, "ते मागनं सांगतो."

तेवढ्यात कृष्णात पुढं आला. "बरं, अळी तर अळी. पर आजवर आमच्यात कधी न्हवती. सोडली कुणी? भेंडीत तर रोशनबीच आलती."

गाव पुन्हा कुजबुजलं. दस्तगीर पाणंदीच्या कोपऱ्यावर थांबला होता, तो एक पाऊल मागं सरला.

"आली हुती. सहा दिसांपूर्वी," आकाराम म्हणाला. "आता माझं गणित ऐका. ह्या जातीचं पाखरू पानाच्या पाठीला एकेक अंडं घालतं. चार दिवसांत अळी. अळी तीन आठवडं खाती. पोट भरलं की हिरवी ती गुलाबी व्हती, खाणं सोडती, आनि सुरळीतच कोष करती. कोषात नऊ दिवस. मग पाखरू. तक्ता तीस वर्सं माझ्या हातानं भिंतीला लावलाय. कृष्णातनं काल सोडली ती सुरळी वाळकी, आत तपकिरी टरफल. म्हंजे तिथलं पाखरू कवाच उडून गेलतं. चार, एकवीस, नऊ. चौतीस दिवसांच्या पलीकडं जावा."

धोंडुबाईची बोटं हलायला लागली. अवस, पौर्णिमा, अनंत चतुर्दशी, गणपती. गणपतीच्या मागं आठवडाभर आली आणि तिचा हात थांबला.

"तवा रोशनबी मिरजेत हुती," ती हळूच म्हणाली. "लाडू मीच दिलतं."

"गणित तुमचं," बाळासो म्हणाला. "आमी तक्ता बघितलेला न्हाय. खरं कशावरून?"

आकारामला ह्याच प्रश्नाची वाट होती. त्यानं शोधून शोधून एक गुलाबी झालेली अळी काढली, पानासकट कंदिलाच्या काचेत घातली, काचेच्या दोन्ही तोंडांना धोतराच्या फडक्याचे तुकडे बांधले.

"आज घट बसल्यात. ही काच घटाशेजारी ठेवा. आज रातीपर्यंत कोष व्हईल. घटातलं धान वर येईल तसं आत पाखरू तयार व्हईल. दसऱ्याला सकाळी ते भायेर येईल. अंग भाताच्या काडावाणी पिवळं, पंखावर तपकिरी नागमोडी रेघा, मानंवर काळं ठिपकं. आत्ताच पक्कं नाव सांगत न्हाय. अळी बघून नाव सांगणं म्हंजे पाळण्यातलं पोर बघून ते पैलवान व्हणार का कारकून ते सांगणं."

"माझ्या देव्हाऱ्यात अळी?" धोंडुबाई म्हणाली.

"नऊच दिवस."

बाळासोनं काच उजेडात धरली. "आनि नाव? रोशनबी न्हाय म्हणता, कृष्णात न्हाय म्हणता. आभाळातनं पडली का? माझा शब्द तसाच हाय मामा. कुणी आणली त्याचं नाव पायजे. न्हाय तर लोक म्हणणार, बाळासोच्या बायकोच्या मामानं पाखराची गोष्ट सांगून मिटवलं."

५

नाव शोधायला आकारामला दोन दिवस लागले, आणि ते सापडल्यावर त्याला वाटलं, सापडलं नसतं तर बरं.

तो वाफ्यावाफ्यातून फिरला. वाळक्या, रिकाम्या सुरळ्या कुठं आणि ताज्या कुठं ते बघत गेला. पलीकडच्या टोकाला सगळ्या ताज्या, आत हिरव्या अळ्या. मधे कोष. बांधाच्या बाजूला रिकामी टरफलं. म्हणजे पाखरं बांधाकडून आत आली होती, एकेक पिढी पाऊल टाकत. आणि बांधावर जास्वंद होती. तिच्या पानांच्या सुरळ्या इतक्या जुन्या की बोट लावताच भुगा होत होता. भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातली. ह्या पाखराला दोन्ही घरं सारखीच.

शेळीनं कळ्या खाल्लेल्या त्या जास्वंदीवर एकच फूल उरलं होतं. तांबडं, दुहेरी, बशीएवढं.

"धोंडे," आकारामनं हाक मारली. ती गवत कापत होती. "ही जास्वंद कुणाकडनं आणलीस?"

धोंडुबाईनं विळा खाली ठेवला आणि मामाकडं बघत राहिली. म्हातारपण डोक्यात गेलं की काय ते बघावं तसं.

"असं काय करताय मामा? आषाढात तुमच्याकडं आलते, तवा तुमीच न्हाय का दिलीसा? मी नको नको म्हणत हुते. तुमी कंडक्टरला सांगून एसटीच्या टपावर घातलीसा."

संध्याकाळच्या एसटीनं आकाराम राजारामपुरीत आला. गेटातून आत गेला तो थेट जास्वंदीकडं. झाडाचा स्वभाव म्हणून सहा वर्षं ज्याचं कौतुक केलं, ती एक सुरळी त्यानं तोडली आणि सोडली.

आतून काळं डोकं वर आलं.

तीस वर्षं तो ह्या पाखराला ओळखत होता. पंख पसरलेलं, टाचणी टोचलेलं, मेलेलं. खालच्या चिठ्ठीवर लांबलचक नाव, ते त्याला नीट म्हणता येत नसे म्हणून तो त्याला शिलाप्पा म्हणे. शिलाप्पाची धूळ झटकली होती, शिलाप्पाची डांबरगोळी बदलली होती. जिवंत शिलाप्पा आपल्याच दारात नांदतोय, पोरंबाळं वाढवतोय आणि रोपांबरोबर पाहुणा म्हणून गावोगाव जातोय, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. गल्लीतल्या दत्ताच्या देवळाला रोप दिलं होतं. दोन शाळांना दिलं होतं. आकाराम पायरीवर बसला आणि मोजायला लागला, आणि अकरावर आल्यावर मोजायचं बंद केलं.

भेंडीतली अळी दाखवल्यापासून मुरगुडात त्याला आकारामसर म्हणत होते. हा शब्द त्याला तीस वर्षांनी, प्रयोगशाळेच्या बाहेर, पहिल्यांदाच मिळाला होता. वाटलं, नाव सांगायलाच पाहिजे असं कुठं आहे? पाखरू वाऱ्यावर आलं म्हणावं. किंवा कृष्णात. त्याच्यावर कुणीही विश्वास ठेवील, पावडरीचं वेड सगळ्यांना ठाऊक आहे. एक शब्द पुरे.

मग त्याला दस्तगीरचा टॉवेल आठवला. काढला, घडी केली, परत खांद्यावर टाकला, असं धोंडुबाईनं सांगितलं होतं. चावडीवर ओरडलेलं माणूस विसरतं, पण गप राहून घडी घातलेला टॉवेल विसरत नाही.

६

दसऱ्याच्या सकाळी बाळासोच्या गुऱ्हाळासमोर गाव जमलं होतं. चुलवाणात चिपाडं रचलेली, काहील घासून लखलखीत. फक्त काहिलीजवळची गुळव्याची जागा रिकामी. दस्तगीर आणि रोशनबी पिंपळाखाली उभे होते. बोलावलं तर यायला आणि नाही बोलावलं तर जायला, दोन्ही सोयीचं असं ते अंतर.

धोंडुबाई देव्हाऱ्यातून काच घेऊन आली. घटातलं धान वीतभर वाढलेलं, आणि काचेत कोष तसाच. तपकिरी, गप्प.

"दसरा हाय आज," कृष्णात म्हणाला.

"सकाळ संपली न्हाय अजून," आकाराम म्हणाला. पण त्याच्या कपाळाला घाम आला होता. तक्ता भिंतीवर होता तोवर त्यावर त्याला कधी अविश्वास वाटला नव्हता.

ऊन पिंपळावरून गुऱ्हाळाच्या पत्र्यावर आलं. केरबानं तंबाखू मळली आणि हातावर धरून तशीच ठेवली. आजकाल तो आधी वास घेत असे. तेवढ्यात धोंडुबाई म्हणाली, "हललं."

कोषाला उभी चीर पडली. आधी मिशा, मग पाय, मग चुरगळलेल्या कागदासारखं काहीतरी ओलं बाहेर आलं, फडक्याला लटकलं, आणि दोन चिलमी ओढायच्या वेळात उलगडलं. भाताच्या काडासारखं पिवळं. पंखांवर तपकिरी नागमोडी रेघा. मानेवर काळे ठिपके.

पलीकडच्या रानात कुणीतरी बैलाला शिव्या देत होतं ते शब्दन् शब्द ऐकू आलं.

"शिलाप्पा," आकाराम म्हणाला.

बाळासोनं काचेला बोट लावलं. "मामा, तुमचा तक्ता खरा. रोशनबी सुटली. आता नाव सांगा, की मी लोकांना तोंड द्यायला मोकळा."

आकारामनं भिंग धोतराला पुसलं. पुसायचं काही नव्हतं.

"आकाराम ज्ञानू यादव. राजारामपुरी, सातवी गल्ली." तो थांबला. "आषाढात एसटीच्या टपावर जास्वंद आली, तिच्या पानात ह्याची पणजी बसून आली. झाड माझ्या दारचं. मी रोज पाणी घालतो, आनि रोज न बघता घालतो. रोशनबी, तुमची शेळी त्या जास्वंदीला लागली ती बरोबर जागी लागली हुती. तिला आणखी खाऊ दिली असती तर पुढचं वाचलं असतं. तुमच्यावर आळ आला तो माझ्यापायी. माफी मागायला लोकांम्होरं आलोय, म्हंजे लोकांम्होरंच मागतो."

सरांनी स्वतःलाच नापास केल्यावर पोरांना कुठं बघावं कळत नाही, तसं गावाला झालं.

धोंडुबाई काच खाली ठेवून पिंपळाकडं गेली. रोशनबीसमोर उभी राहिली, पदर नीट केला, परत केला.

"भाबी, शेळीला मी लई बोलले."

"शेळीला काय कळतंय," रोशनबी म्हणाली. "मला बोलला असता तर ऐकून घेतलं असतं." मग तिनं आकारामकडं बघितलं. "मामा, शिक्षा मी सांगू का?"

"सांगा."

"सहाशे बिड्या हायत भेंडीत. दसऱ्याच्या सणाला कुणी कामाला मिळणार न्हाय. बसा आता एकेक तोडत."

गाव हसलं, आणि हसताना सगळ्यात मोठा आवाज बाळासोचा होता. हसून झाल्यावर त्याचा चेहरा पडला. "पर पानं गेलेल्या भेंडीला आता चीक कुठनं येणार, दस्तगीर?"

दहा दिवसांत दस्तगीरला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न. तो पिंपळाखालून निघाला, पाणंद ओलांडून भेंडीत गेला, एक झाड मुळासकट उपटून घेऊन आला. त्यानं खोड मधोमध मोडलं आणि दोन्ही तुकडे हळूहळू लांब नेले. मधे चिकाची तार ताणली, वीतभर झाली, दीड वीत झाली, आणि उन्हात चमकत तशीच राहिली.

"मी पानं कधी टाकली काहिलीत?" तो म्हणाला. "मला खोड लागतंय. सुकाय लागली हायत, पर आज-उद्या कापली तर ह्या हंगामाला पुरतील. पैल्याच दिवशी सांगितलं असतं. इचारलं न्हाय कुणी."

बाळासोनं स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून परत घातली. त्याच्या घराण्यात ह्याहून मोठी माफी मागायची पद्धत नव्हती. "पेटव," तो कृष्णातला म्हणाला. आणि दस्तगीरला, "तुझी जागा."

दुपारपर्यंत रस उकळला. दस्तगीरनं ठेचलेल्या भेंडीचं पाणी धार धरून सोडलं, आणि काळी मळी फेसासकट वर आली, जणू दहा दिवसांचं सगळं बोलणं एकदम वर आलं होतं. झाऱ्यानं त्यानं ती काढून फेकली. खाली पिवळा, स्वच्छ रस उसळत होता. कृष्णात शेजारी उभा राहून बघत होता. पावडरीबद्दल तो त्या दिवशी काही बोलला नाही. चिकाची तार किती लांब गेली ते मात्र त्यानं दोनदा विचारलं.

पाखराचं काय करायचं यावर वाद झाला. बाळासो म्हणाला चिरडा. धोंडुबाई म्हणाली, घटाशेजारी नऊ दिवस बसलेल्याला दसऱ्याला मारायचं न्हाय. शेवटी आकारामनंच काच पिशवीत ठेवली. "माझ्या दारचं हाय, मी नेतो. आता ह्याला आणि ह्याच्या गोतावळ्याला माझ्या नजरेखालनं सुटका न्हाय. अकराहून जास्त घरी रोपं दिल्यात, उद्यापासनं एकेकाच्या दारात जाऊन पानं उघडून बघणार."

संध्याकाळी तो भेंडीत बसून शेवटच्या सुरळ्या तोडत होता. रोशनबी पलीकडच्या ओळीत होती. शिक्षा सांगितली तिनंच, पण त्याचा हात इतका हळू चालत होता की बघवेना म्हणून आली होती. दस्तगीरनं पानावर पहिला गरम गूळ आणून दोघांच्या मधे ठेवला.

बांधावर केरबा येऊन उभा राहिला. ओठाखालची जागा मोकळी होती. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

"आकाराम," तो म्हणाला, "तू मागनं सांगतो म्हणलास. ती तंबाखू न्हवती, तर मी त्या दिवशी तोंडात धरलं ते काय हुतं?"

आकारामनं सुरळी सोडली. आत अळी होती, आणि अळीच्या मागं काळे दाणे होते. केरबा वाकून बघत राहिला. अळीनं त्याच्या देखत आणखी एक दाणा ठेवला.

रोशनबीनं गुळाचं पान त्याच्याकडं सरकवलं. "गूळ खावा, केरबाकाका," ती म्हणाली. "तोंड गोड करा."